पायथनमध्ये तारीख आणि वेळ हाताळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पायथनच्या प्रमाणित लायब्ररीतल्या 'डेटटाइम' आणि 'झोनइन्फो' या दोन मॉड्यूलांबद्दल आहे. पायथन ३.९ किंवा त्यानंतरची आवृत्ती गृहीत धरली आहे. जिथे आवृत्तीमुळे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. फंक्शनांची आणि टाइमझोनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच लिहायची.

भारतात एकच टाइमझोन आहे आणि उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची पद्धत नाही. त्यामुळे आपल्याकडे लिहिलेला तारखांचा कोड चुकीचा असूनही वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. मग सर्व्हर क्लाउडवर हलतो, किंवा लंडन-न्यू जर्सीचा पहिला ग्राहक येतो, आणि सगळ्या चुका एकाच आठवड्यात वर येतात. खालचे बहुतेक प्रश्न त्या आठवड्यातले आहेत.

डेट, टाइम, डेटटाइम, टाइमडेल्टा : कुठे काय वापरायचं?

'डेट' म्हणजे नुसती तारीख. जन्मतारीख, बिलाची तारीख, सुट्टीचा दिवस यांसाठी हाच प्रकार घ्या. 'डेटटाइम' म्हणजे तारीख आणि वेळ दोन्ही. 'टाइमडेल्टा' म्हणजे दोन वेळांमधलं अंतर. नुसता 'टाइम' क्वचितच लागतो. "दुकान रोज सकाळी १० वाजता उघडतं" अशा नोंदीपुरता तो ठीक आहे.

जन्मतारीख 'डेटटाइम'मध्ये ठेवायचा मोह टाळा. १५ ऑगस्टची मध्यरात्र भारतीय वेळेनुसार साठवली आणि ती यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते) बदलली की १४ ऑगस्टचे १८:३० होतात. पुढे कुणी त्यातला फक्त तारखेचा भाग छापला की माणसाचा जन्म एक दिवस आधी झालेला दिसतो. "आधारवरची तारीख आणि अॅपमधली तारीख जुळत नाही" अशी तक्रार आली तर सर्वांत आधी हे तपासा.

आणखी एक खाच: पायथनमध्ये 'डेटटाइम' हा 'डेट'चाच उपवर्ग आहे. म्हणून 'इझइन्स्टन्स(क्ष, डेट)' ही तपासणी डेटटाइमलाही होकार देते. दोन्ही प्रकार येऊ शकत असतील तर आधी डेटटाइम आहे का ते विचारा, मग डेट. आणि डेटची डेटटाइमशी लहान-मोठी तुलना केलीत तर टाइपएरर मिळतो.

"ऑफसेट-नाईव्ह आणि ऑफसेट-अवेअर डेटटाइमची तुलना करता येत नाही" हा एरर का येतो?

ज्या डेटटाइमला टाइमझोन जोडलेला आहे तो 'अवेअर', ज्याला नाही तो 'नाईव्ह'. "सकाळचे ९:३०" एवढंच सांगितलं तर तो पुण्यातला आहे की लंडनमधला हे पायथनला कळायला मार्ग नाही. म्हणून तो तुलना आणि वजाबाकी दोन्ही नाकारतो. 'बरोबर आहे का' ही तपासणी मात्र एरर देत नाही, गुपचूप 'फॉल्स' देते. यादीत नोंद असूनही ती सापडत नाही अशा बगांमागे बऱ्याचदा हेच असतं.

घाईत केला जाणारा उपाय म्हणजे अवेअर वेळेवरचा टाइमझोन 'रिप्लेस(टीझेडइन्फो=नन)' करून काढून टाकणं. एरर जातो आणि चूक राहते. नाईव्ह वेळ कुठून आली ते शोधा. डेटाबेसमधून आली असेल तर तिथे ती कुठल्या झोनमध्ये लिहिली होती ते पाहा आणि तोच झोन तिला जोडा. प्रोग्रामच्या आत सगळीकडे अवेअर वेळच फिरली पाहिजे. नाईव्ह वेळ सीमेवरच, म्हणजे फाइल वाचताना किंवा फॉर्म स्वीकारताना, अवेअर करून घ्यायची.

'यूटीसीनाऊ()' वापरल्यावर इशारा येतो. इतकी वर्षं तर चालत होतं?

पायथन ३.१२ पासून 'यूटीसीनाऊ()' आणि 'यूटीसीफ्रॉमटाइमस्टॅम्प()' ही दोन्ही फंक्शनं कालबाह्य ठरवली आहेत. कारण योग्य आहे. 'यूटीसीनाऊ()' यूटीसीतली वेळ देतं, पण तिच्यावर यूटीसीची खूण लावत नाही, म्हणजे नाईव्ह वेळ देतं. आणि नाईव्ह वेळेवर '.टाइमस्टॅम्प()' बोलावलं की पायथन ती मशीनची स्थानिक वेळ समजतो. मशीन भारतीय वेळेवर असेल तर उत्तर बरोबर १९,८०० सेकंदांनी, म्हणजे साडेपाच तासांनी चुकतं. सर्व्हर यूटीसीवर असेल तर मात्र चुकत नाही. म्हणून लॅपटॉपवर बिघडतं आणि सर्व्हरवर चालतं.

त्याऐवजी 'डेटटाइम.नाऊ(टाइमझोन.यूटीसी)' लिहा. ३.११ पासून 'डेटटाइम' मॉड्यूलमध्ये 'यूटीसी' असं छोटं नावही आहे. जुन्या प्रोजेक्टमध्ये सरसकट शोधा-बदला करू नका; कारण नवीन फंक्शन अवेअर वेळ देतं आणि जिथे जिथे ती जुन्या नाईव्ह वेळेशी भिडेल तिथे वरचा टाइपएरर येईल. एकेक मॉड्यूल घेऊन बदला.

आमची वेळ साडेपाच तासांनी पुढे किंवा मागे दिसते. कुठे पाहू?

फरकाचा आकडाच निदान सांगतो.

साडेपाच तास मागे असेल तर यूटीसी वेळ न बदलता तशीच दाखवली जाते आहे. दाखवण्याच्या ठिकाणी '.ॲझटाइमझोन(झोनइन्फो("एशिया/कोलकाता"))' राहून गेलं आहे.

साडेपाच तास पुढे असेल तर भारतीय वेळेलाच कुणीतरी यूटीसी समजून पुन्हा बदललं आहे. नाईव्ह वेळेवर चुकीची खूण बसली की असं होतं.

अकरा तासांचा फरक असेल तर तोच चुकीचा बदल दोनदा झाला आहे: एकदा लिहिताना, एकदा वाचताना. डेटाबेस ड्रायव्हरही झोन बदलतो आणि तुमचा कोडही बदलतो, असं बहुधा सापडेल.

इथे 'रिप्लेस' आणि 'ॲझटाइमझोन' यांतला फरक पक्का हवा. 'रिप्लेस(टीझेडइन्फो=...)' घड्याळातले आकडे तसेच ठेवून वर चिठ्ठी बदलतं. 'ॲझटाइमझोन(...)' क्षण तोच ठेवून आकडे बदलतं. नाईव्ह वेळेला पहिल्यांदा झोन द्यायचा असेल तर 'रिप्लेस'. अवेअर वेळ दुसऱ्या झोनमध्ये दाखवायची असेल तर 'ॲझटाइमझोन'. नाईव्ह वेळेवर 'ॲझटाइमझोन' बोलावलं तर एरर येत नाही; पायथन मशीनचा झोन धरून मोकळा होतो, आणि उत्तर मशीनगणिक बदलतं.

भारतात एकच वेळ आहे. सरळ ५ तास ३० मिनिटं मिळवली तर काय बिघडतं?

आजच्या भारतीय वेळेपुरतं पाहिलं तर उत्तर बरोबर येतं. पण मिळवलेली वेळ अजूनही स्वतःला यूटीसीच म्हणवते (किंवा नाईव्ह असते), आणि पुढच्या फंक्शनने तिच्यावर विश्वास ठेवला की वरचा साडेपाच तास पुढे जाण्याचा गोंधळ होतो.

शिवाय भूतकाळात साडेपाच तास नेहमीच खरे नव्हते. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. दुसऱ्या महायुद्धात घड्याळं एक तास पुढे केली होती: टाइमझोनच्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये 'एशिया/कोलकाता'साठी सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात +६:३० आहे. मार्च १९४४ मधली कुठलीही वेळ 'झोनइन्फो'तून यूटीसीत बदलून पाहा, फरक साडेसहा तासांचा निघेल. पत्रिका मांडणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा एक तास चांगलाच महागात पडतो, कारण तेवढ्यात लग्नरास बदलू शकते. मुंबईची अडचण आणखी वेगळी. तिथे स्थानिक व्यवहारात 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता, आणि तो प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे, म्हणजे यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होता. या वेळेसाठी डेटाबेसमध्ये वेगळा झोन नाही. जुन्या मुंबईच्या नोंदींसाठी 'टाइमझोन(टाइमडेल्टा(अवर्स=४, मिनिट्स=५१))' असा स्वतःच बनवावा लागतो, आणि मूळ नोंद कुठल्या वेळेनुसार आहे हे कागद पाहूनच ठरवावं लागतं.

'आयएसटी' या तीन अक्षरांवरही विसंबू नका. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही ती वापरतात. नेहमी 'एशिया/कोलकाता' असं पूर्ण नाव लिहा. काही ब्राउझर अजूनही 'एशिया/कलकत्ता' हे जुनं नाव पाठवतात. दोन्ही नावं एकाच झोनची आहेत, पण नावांची अक्षरशः तुलना करणारा कोड तिथे फसतो.

ऑफसेट (यूटीसीपासूनचं अंतर) पूर्ण तासांतच असतो असंही कुठे धरू नका. नेपाळचा +५:४५ आहे.

'झोनइन्फोनॉटफाउंडएरर' : "एशिया/कोलकाता" नावाचा झोन सापडत नाही

'झोनइन्फो' स्वतःबरोबर माहिती आणत नाही. ते आधी ऑपरेटिंग सिस्टिममधला टाइमझोन डेटाबेस शोधतं, तिथे नसेल तर 'टीझेडडेटा' नावाचं पायथन पॅकेज. विंडोजवर पहिला प्रकार नसतो, आणि डॉकरच्या काटछाट केलेल्या इमेजमध्येही बऱ्याचदा नसतो. 'पिप इन्स्टॉल टीझेडडेटा' केलं आणि ते रिक्वायरमेंट्समध्ये नोंदवलं की काम होतं. त्यानंतरही एरर राहिला तर स्पेलिंग तपासा. लिनक्सवर फाइलींच्या नावांत लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात.

हे पॅकेज मधूनमधून अद्ययावत करत राहा. देश नियम बदलतात, तेही कधी कधी अगदी ऐनवेळी. जॉर्डन आणि सीरियाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये घड्याळं मागे घ्यायच्या ठरलेल्या तारखेच्या थोडे दिवस आधी ते रद्द केलं. इजिप्तने २०२३ मध्ये उन्हाळी वेळ पुन्हा आणली. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून अख्ख्या देशाची वेळ एक केली.

जुन्या कोडमध्ये 'पायट्झ' (टाइमझोनची जुनी लायब्ररी) आहे आणि भारताचा ऑफसेट ५:५३ दाखवतोय. हे ५:५३ आलं कुठून?

ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ आहे, प्रमाण वेळ येण्याआधीची. 'पायट्झ'चा झोन डेटटाइमच्या 'टीझेडइन्फो'त थेट दिला की तो त्या झोनच्या यादीतली पहिलीच नोंद उचलतो, आणि ती ही निघते. २३ मिनिटांची चूक कुठेही दिसली की हेच कारण समजा. 'पायट्झ' वापरायचंच असेल तर 'झोन.लोकलाइझ(वेळ)' लिहावं लागतं आणि बेरीज-वजाबाकीनंतर 'झोन.नॉर्मलाइझ(वेळ)'. 'झोनइन्फो'ला यातलं काही लागत नाही, झोन थेट दिला तरी तो बरोबर ऑफसेट काढतो. नवीन कोडमध्ये 'पायट्झ' आणायचं काही कारण उरलेलं नाही.

'स्ट्रिपटाइम'ने तारीख वाचली, एरर नाही, तरी तारीख भलतीच का?

बहुधा फॉरमॅटमधलं एखादं अक्षर लहानाचं मोठं झालं आहे. टक्क्याच्या चिन्हापुढे लहान 'एम' म्हणजे महिना, मोठा 'एम' म्हणजे मिनिट. "१५/०८/२०२५" वाचताना मधे मोठा 'एम' पडला तर उत्तर मिळतं १५ जानेवारी २०२५, रात्रीचे १२ वाजून ८ मिनिटं. महिना सांगितलाच नाही, म्हणून पायथनने जानेवारी धरला. आठ मिनिटं झाली. सगळं नियमाप्रमाणे, म्हणून एरर नाही. अशी वाचलेली तारीख लगेच छापून पाहा, आणि त्यासाठी १२ पेक्षा मोठा दिवस असलेलीच तारीख घ्या.

तासांचंही तसंच. मोठा 'एच' २४ तासांच्या घड्याळासाठी, मोठा 'आय' १२ तासांच्या. एएम-पीएम ओळखणारं लहान 'पी' फक्त 'आय'बरोबरच परिणाम करतं. "०२:३० पीएम" मोठ्या 'एच'ने वाचलं तर पीएमकडे दुर्लक्ष होऊन पहाटेचे अडीच होतात.

दोन अंकी वर्ष टाळाच. लहान 'वाय' ६९ ते ९९ ला १९६९ ते १९९९ समजतं आणि ०० ते ६८ ला २००० ते २०६८. १९६५ साली जन्मलेल्या माणसाचं "६५" वाचलं की तो २०६५ मध्ये जन्मतो. पेन्शनच्या याद्यांमध्ये हे हमखास होतं.

देवनागरी अंकांतली तारीख, "१५/०८/२०२५", 'स्ट्रिपटाइम'ला थेट देऊ नका. पायथनचं 'इंट' देवनागरी अंक वाचतं, पण 'स्ट्रिपटाइम'च्या आतले दिवस-महिन्याचे साचे इंग्रजी अंकांसाठी लिहिलेले आहेत, म्हणून व्हॅल्यूएरर येतो. 'एसटीआर.मेकट्रान्स' मध्ये ० ते ९ हे देवनागरी अंक आणि त्यांचे इंग्रजी अंक अशी जोडी करून आधी 'ट्रान्सलेट' करा, मग वाचा. सातबाऱ्यावरून किंवा मराठी कीबोर्डवरून भरलेल्या फॉर्ममधून आलेल्या माहितीला ही एक ओळ लागतेच.

आयएसओ पद्धतीच्या (आधी वर्ष, मग महिना, मग दिवस) तारखेसाठी 'फ्रॉमआयएसओफॉरमॅट' जास्त सोपं आणि वेगवान. मात्र शेवटी 'झेड' अक्षर असलेली वेळ ते ३.११ पासूनच वाचतं. जुन्या आवृत्तीत 'झेड'च्या जागी '+००:००' घालून द्या.

एक्सेल किंवा सीएसव्हीतून पांडाजमध्ये घेतलेल्या तारखांत दिवस-महिना उलटे झाले

पांडाज ही तक्त्यांतली माहिती हाताळणारी लायब्ररी; ती "०३/०४/२०२५" ला मुळात अमेरिकन पद्धतीने ४ मार्च समजते. जुन्या आवृत्त्यांत प्रत्येक ओळीचा अंदाज वेगळा व्हायचा: महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी उलट्या, १३ पासूनच्या सुलट्या, आणि एकही एरर नाही. पांडाज २.० पासून पहिल्या ओळीवरून एकच फॉरमॅट ठरतो आणि न जुळणारी ओळ एरर देते. हे बरंच बरं आहे. तरी अंदाजावर सोडू नका, 'टू_डेटटाइम'ला 'फॉरमॅट' स्पष्ट द्या.

तारखेच्या जागी ४५००० सारखे आकडे आले तर ते एक्सेलचे दिवस-क्रमांक आहेत. ३० डिसेंबर १८९९ मध्ये तितके दिवस मिळवा: ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. सुरुवात ३१ ऐवजी ३० डिसेंबरला धरायची, कारण एक्सेल १९०० हे लीप वर्ष नसूनही ते लीप मानतं आणि एक दिवस जास्तीचा मोजतं.

एक महिना पुढची तारीख कशी काढू? वय कसं मोजू?

'टाइमडेल्टा'त महिने नाहीत, कारण महिन्याची लांबी ठरलेली नाही. ३० दिवस मिळवणं म्हणजे महिना मिळवणं नव्हे. 'डेटयूटिल' लायब्ररीतलं 'रिलेटिव्हडेल्टा(मंथ्स=१)' वापरा. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते, लीप वर्षात २९.

हप्त्यांचं वेळापत्रक बनवताना आधीच्या हप्त्यात एक महिना मिळवत जाऊ नका. ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, मग २८ मार्च, २८ एप्रिल असं होतं. एकदा घसरलेली तारीख परत ३१ वर चढत नाही. मूळ तारखेतच एक, दोन, तीन महिने मिळवत जा.

वयासाठी दिवसांना ३६५.२५ ने भागू नका, वाढदिवसाच्या आसपास उत्तर चुकतं. वर्षांची वजाबाकी करा, आणि आजचा (महिना, दिवस) जन्माच्या (महिना, दिवस) पेक्षा लहान असेल तर एक कमी करा. पायथनमध्ये दोन टपलांची तुलना थेट होते. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांसाठीही हे चालतं, मात्र 'रिप्लेस(इयर=२०२५)' केलंत तर व्हॅल्यूएरर येईल. त्यांचा वाढदिवस २८ फेब्रुवारीला धरायचा की १ मार्चला, हे लायब्ररी ठरवणार नाही. ज्या नियमासाठी वय मोजताय तो वाचा.

टाइमडेल्टाचं '.सेकंड्स' चुकीचं उत्तर का देतं?

ते एकूण सेकंद देत नाही, पूर्ण दिवस वगळून उरलेले सेकंद देतं. दोन दिवस आणि एका तासाच्या अंतराला '.सेकंड्स' ३६०० म्हणेल. '.टोटल_सेकंड्स()' वापरा. उणे अंतर "-१ दिवस, २३:५९:५९" असं दिसलं तर ते उणे एक सेकंद आहे.

अमेरिकेत घड्याळ पुढे-मागे होतं तेव्हा पायथन काय करतं?

न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला रात्री २ वाजता घड्याळ थेट ३ वर जातं, म्हणजे २:३० ही वेळ त्या दिवशी नाहीच. तरी ती वेळ बनवलीत तर पायथन हरकत घेत नाही. ती यूटीसीत नेऊन परत आणा, ३:३० होऊन येते. वेळ अस्तित्वात आहे का हे तपासायची हीच रीत: यूटीसीला जाऊन परत आल्यावर आकडे तेच राहिले पाहिजेत.

१ नोव्हेंबर २०२६ ला उलट होतं, १:३० दोनदा वाजतात. कोणते ते सांगायला डेटटाइममध्ये ३.६ पासून 'फोल्ड' आहे: ० म्हणजे पहिले, १ म्हणजे दुसरे. न सांगितल्यास ०.

सर्वांत जास्त फसवते ती वजाबाकी. दोन्ही वेळा एकाच झोनइन्फोच्या असतील तर पायथन ऑफसेट न पाहता घड्याळातले आकडे वजा करतो. ७ मार्च २०२६ दुपारी १२ ते ८ मार्च दुपारी १२, दोन्ही न्यूयॉर्क, उत्तर २४ तास. प्रत्यक्षात गेले २३. बेरजेलाही हाच नियम. "उद्या याच वेळी" हवं असेल तर हे सोयीचंच आहे. पण किती वेळ काम केलं, किती भाडं झालं अशा हिशेबासाठी आधी दोन्ही वेळा यूटीसीत न्या, मग वजा करा. हे कागदपत्रांत लिहिलेलं वर्तन आहे, बग नाही, त्यामुळे ते बदलेल अशी वाट पाहू नका.

पुणे आणि न्यू जर्सी यांच्या बैठकीचा फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यात लंडनही असेल तर मार्चचे काही दिवस आणखी वेगळे: २०२६ मध्ये अमेरिकेचा बदल ८ मार्चला, ब्रिटनचा २९ मार्चला.

डेटाबेसमध्ये काय साठवायचं? सगळं यूटीसीत?

घडून गेलेल्या गोष्टींसाठी होय. पैसे कधी जमा झाले, लॉगिन कधी झालं, हे क्षण ठरलेले आहेत, ते यूटीसीत ठेवा.

पुढे घडणाऱ्या, घड्याळाशी बांधलेल्या गोष्टींसाठी नाही. "पुढच्या वर्षी १० एप्रिलला सकाळी ९ वाजता कैरोत बैठक" ही नोंद आजच्या नियमाने यूटीसीत बदलून ठेवली आणि मधेच इजिप्तने नियम बदलला, तर बैठक ८ किंवा १० वाजता होईल. तिथे स्थानिक वेळ आणि झोनचं नाव असे दोन रकाने ठेवा, आणि यूटीसी ऐनवेळी काढा. नुसता '+०२:००' असा ऑफसेट साठवून भागत नाही, त्यावरून नियम कळत नाही.

पोस्टग्रेसमधला 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' नावाप्रमाणे झोन साठवत नाही. तो आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि वाचताना सेशनच्या झोनमध्ये दाखवतो. तरीही क्षणांसाठी तोच प्रकार घ्या. मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टॅम्प' असं बदलून ठेवतो, 'डेटटाइम' आहे तसं ठेवतो. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही; तिथे यूटीसीतला आयएसओ मजकूर ठेवा आणि 'आयएसओफॉरमॅट(टाइमस्पेक="मायक्रोसेकंड्स")' लिहा. तसं न केल्यास मायक्रोसेकंद शून्य असताना तो भाग गळतो, मजकुरांची लांबी कमी-जास्त होते आणि क्रमवारी बिघडते.

मार्चअखेरचा रिपोर्ट दरवर्षी थोडा चुकतो

१ एप्रिलला पहाटे २ वाजता झालेला व्यवहार यूटीसीत ३१ मार्चच्या २०:३० ला पडतो. यूटीसीवरून आर्थिक वर्ष ठरवलं तर १ एप्रिलच्या पहिल्या साडेपाच तासांची सगळी विक्री मागच्या वर्षात जाते. आधी 'एशिया/कोलकाता'त बदला, मग महिना पाहा: ४ किंवा जास्त असेल तर आर्थिक वर्ष त्याच सनात सुरू होतं, नाहीतर मागच्या.

डेटाबेसला प्रश्न विचारताना भारतीय वेळेनुसार १ एप्रिलची मध्यरात्र काढा, ती यूटीसीत बदला (३१ मार्च १८:३०), आणि "सुरुवातीपासून पुढे, पण शेवटाच्या आधी" अशी अट घाला. "३१ मार्च २३:५९:५९ पर्यंत" असं लिहिलं की शेवटच्या सेकंदातला अपूर्णांक निसटतो.

टाइमस्टॅम्प दिला तर "वर्ष मर्यादेबाहेर" म्हणतो

युनिक्स टाइमस्टॅम्प म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद देतं. सध्याच्या काळात १० अंक म्हणजे सेकंद, १३ अंक म्हणजे मिलिसेकंद. १००० ने भागा. उलट दिशेने चूक झाली, सेकंद मिलिसेकंद म्हणून गेले, तर ब्राउझरमध्ये जानेवारी १९७० मधली तारीख दिसते. 'फ्रॉमटाइमस्टॅम्प'ला 'टीझेड=' द्यायला विसरू नका, नाहीतर मशीनच्या वेळेतली नाईव्ह वेळ मिळेल.

तारीख मराठीत कशी छापू?

'स्ट्रफटाइम' महिन्याचं नाव लोकेलवरून, म्हणजे मशीनच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून घेतं. 'एमआर_आयएन' लोकेल मशीनवर बसवलेलं असावं लागतं, आणि 'सेटलोकेल' अख्ख्या प्रोसेसला लागू होतं, त्यामुळे वेब सर्व्हरमध्ये एका वाचकासाठी मराठी केलं की दुसऱ्याचंही मराठी होतं. बारा महिन्यांची स्वतःची यादी हा सर्वांत भरवशाचा मार्ग. अनेक भाषा असतील तर 'बाबेल' लायब्ररी.

शिवकालीन तारखा आणि तिथी यात बसतात का?

सावधपणे. पायथन वर्ष १ ते ९९९९ या सगळ्या काळाला ग्रेगोरियन पंचांगच लावतो, ते पंचांग १५८२ मध्ये सुरू झालं असलं तरी. शिवराज्याभिषेकाची रूढ तारीख ६ जून १६७४ ही ज्युलियन आहे. 'डेट(१६७४, ६, ६)'चा वार विचारलात तर पायथन बुधवार सांगतो. परंपरेनुसार तो शनिवार, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. त्या काळातला दहा दिवसांचा फरक मिळवून १६ जून विचारा, शनिवार मिळतो. इंग्रजांनी १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग पाळलं, पोर्तुगिजांनी १५८२ लाच ग्रेगोरियन घेतलं. म्हणून सुरतेच्या वखारीचा कागद आणि गोव्याचा कागद एकाच टेबलात भरताना 'कुठल्या पंचांगातली तारीख' हा रकाना हवाच.

तिथी दिवसांच्या बेरजेतून निघत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते, आणि ती साधारण १९ ते २६ तासांची असू शकते. त्यासाठी खगोलगणिताची लायब्ररी लागते, आणि सूर्योदयासाठी गावाचे अक्षांश-रेखांश.

कोड किती वेळ घेतो हे 'डेटटाइम.नाऊ()'ने मोजलं तर?

मशीनचं घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होतं तेव्हा ते मागेही जाऊ शकतं आणि उत्तर उणे येतं. 'टाइम.परफ_काउंटर()' किंवा 'टाइम.मोनोटॉनिक()' घ्या.

लीप सेकंदाचं काय?

डेटटाइममध्ये सेकंद ० ते ५९ इतकेच. ६० लिहिलेली वेळ आली तर व्हॅल्यूएरर. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस मिळवला गेला, भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ चे पहाटेचे साडेपाच वाजत होते. उपकरणांचे जुने लॉग वाचत असाल तरच याची दखल घ्या.

क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) रोज सकाळी ९ ला चालवायचा आहे, पण दुपारी अडीचला चालतो

सर्व्हर यूटीसीवर आहे. भारतातले ९ म्हणजे यूटीसीचे ३:३०, तेव्हा मिनिटाच्या जागी ३० आणि तासाच्या जागी ३ लिहा. वाराची अट असेल तर तीही तपासा: भारतातली सोमवार पहाटे ५ ची वेळ यूटीसीत रविवारची असते.

या सगळ्याच्या चाचण्या कशा लिहू?

फंक्शनच्या आत 'नाऊ()' बोलावू नका, "आत्ताची वेळ" बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून द्या. जुन्या कोडमध्ये ते जमत नसेल तर 'फ्रीझगन' किंवा 'टाइम-मशीन' ही लायब्ररी घड्याळ थांबवून देते. चाचण्या दोनदा चालवा: एकदा 'टीझेड' एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूटीसी ठेवून, एकदा 'एशिया/कोलकाता' ठेवून. एकीकडे पास आणि दुसरीकडे नापास झालेली चाचणी कुठेतरी नाईव्ह वेळ लपली आहे हे नेमकं दाखवते. विंडोजवर हे व्हेरिएबल पायथन तसं मानत नाही, म्हणून ही चाचणी लिनक्सवर करा.

तारखा अशा निवडा: १ एप्रिल ००:१५ भारतीय वेळ, २९ फेब्रुवारी २०२४, ३१ जानेवारी अधिक एक महिना, ८ मार्च २०२६ ची २:३० आणि १ नोव्हेंबर २०२६ ची १:३० न्यूयॉर्क वेळ, काठमांडूची कुठलीही वेळ. आठवड्याच्या क्रमांकावर रिपोर्ट असेल तर २९ डिसेंबर २०२५ घ्या. तो सोमवार आयएसओ पद्धतीने २०२६ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो, आणि आठवड्याच्या मोठ्या 'व्ही'बरोबर वर्षासाठी मोठ्या 'जी' ऐवजी मोठा 'वाय' लिहिला असेल तर तो २०२५ चा पहिला आठवडा म्हणून छापला जातो.